पियानोचं पान वाचता आलं पाहिजे

नोटेशन, म्हणजे सूर कागदावर खुणांनी लिहिणं, त्याचं सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आणि हल्ली गाणं-हार्मोनियम शिकवणारे ओळखीचे लोकही विचारतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी आता डिजिटल पियानो नाहीतर मोठा कीबोर्ड असतो. प्रश्न साधारण असा येतो की मॅडम, सगळ्यात चांगलं कोणतं, फुकट मिळेल का, आणि वाजवून दाखवतं का. मी नागपुरात पियानो शिकवते, मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी नोटेशनची पानं स्वतः तयार करते, आणि माझं ठाम मत आहे की तो तिसरा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. वाजवून दाखवणं ही सोय आहे, चुकीची नोट पडली असेल तर कानाला लगेच कळतं, तेवढ्यापुरती ती मी रोज वापरते. पण पान तयार करायचं ते माणसानं वाचून वाजवावं म्हणून. त्यामुळे छापलेला कागद स्टँडवर ठेवला आणि समोर बसलेल्यानं तो पहिल्यांदाच पाहिला तर त्याचे हात कुठे अडतात, एवढंच बघायचं. बाकी सगळं, म्हणजे आवाज किती खरा वाटतो, स्क्रीन किती देखणी आहे, बटणं किती आहेत, हे नंतर.

पियानो वाजवणाऱ्याचं वाचन मुळातच अवघड असतं हो. व्हायोलिनवाला एक ओळ वाचतो, बासरीवाला एक ओळ वाचतो. पियानोला दोन स्टाफ, म्हणजे पाच-पाच रेघांचे दोन संच, एकाच वेळी वाचायचे, वर उंच सुरांचा ट्रेबल, खाली खालच्या सुरांचा बेस, दोघांना जोडणारा डावीकडचा महिरपी कंस, दहा बोटं, ८८ पट्ट्या, आणि पान उलटायला हात मोकळा नाही. शिवाय पान डोळ्यांपासून लांब असतं. पुस्तक आपण हातात धरतो, पियानोवरचा कागद पट्ट्यांच्या पलीकडे उभा असतो, हातभर तरी दूर. म्हणजे डोळा सारखा वरखाली आणि डावीकडून उजवीकडे असा दोन्हीकडे पळत असतो, आणि डाव्या हाताची कोणती नोट उजव्या हाताच्या कोणत्या नोटेबरोबर पडते हे त्याला सरळ उभ्या रेषेत दिसलं नाही तर संपलं, ताल गेलाच.

माझ्याकडे एक काका येतात, रेल्वेतून रिटायर झालेले, साठी उलटल्यावर पियानो शिकायला लागले. त्यांचा वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, तो लावला तर पियानोवरचं पान धूसर, काढला तरी धूसर, आणि बायफोकलमध्ये हनुवटी वर करून करून मान दुखते. एकदा त्यांनी कुठून तरी मिळवलेलं एक पान आणलं, दहा मिनिटं त्याच्याशी झगडले आणि म्हणाले, "मॅडम, वरचं दिसून राहिलं, खालचं दिसून राहिलं, हे मधातलं काय आहे तेच समजून नाही राहिलं." मी पाहिलं तर खरंच, दोन स्टाफच्या मधल्या जागेत दिवाळीच्या आठवड्यातल्या आमच्या बर्डीच्या बाजारासारखी गर्दी होती. फिंगरिंगचे, म्हणजे कोणतं बोट ते सांगणारे, आकडे तिथेच, हळू-जोरात वाजवायच्या खुणा तिथेच, उजव्या हाताच्या खालच्या नोटांच्या दांड्या तिथेच आणि गाण्याचे शब्दही तिथेच. यातलं काहीच चुकीचं नव्हतं. सगळ्या नोटा बरोबर, वेळ बरोबर, सॉफ्टवेअरनं वाजवून दाखवलं असतं तर सुंदर वाजलं असतं. पण काकांना वाजवता येत नव्हतं, आणि दोष काकांचा नव्हता.

त्या पानासाठी आम्ही काय केलं ते सांगते, कारण यातलं बरंचसं कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. स्टाफची उंची, म्हणजे पाच रेघांपैकी सगळ्यात वरची ते सगळ्यात खालची हे अंतर, छापील पियानोच्या पुस्तकांत साधारण ७ मिमी असतं. म्यूझस्कोर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे दोन रेघांमधल्या अंतरावरून ठरवतात, ते मुळात १.७५ मिमी असतं, चार अंतरं मिळून ७. मी ते २.१ केलं, म्हणजे स्टाफ ८.४ मिमी. दोन स्टाफमधली जागा वाढवली. आकडे उजव्या हाताचे वर नेले, डाव्याचे खाली. शब्द वरच्या स्टाफच्या डोक्यावर ठेवले. एका ओळीत तीन ते चार बार, म्हणजे उभ्या रेघांमधले तालाचे कप्पे, जास्त नाही. एक पान होतं त्याचं दोन झालं, आणि काकांनी ते वाजवलं. नवशिक्या लहान मुलांसाठीही मी ८ मिमीच्या खाली जात नाही.

आता थोडं मागे जाते, कारण चांगलं पान कसं दिसतं हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. युरोपात दोनशे-अडीचशे वर्षं नोटेशनची पानं धातूच्या प्लेटवर कोरली जायची, एकोणिसाव्या शतकात जर्मनीतलं लाइपझिग हे या कामाचं मोठं केंद्र होतं. मऊ धातूची प्लेट घ्यायची, त्यावर पाच रेघा ओढायच्या, स्टाफच्या सुरुवातीच्या क्लेफच्या खुणेसाठी, नोटच्या डोक्यासाठी, सूर चढवणाऱ्या शार्पसाठी, उतरवणाऱ्या फ्लॅटसाठी वेगवेगळे पोलादी पंच, ते हातोडीनं ठोकायचे, दांड्या आणि त्यांना जोडणारे बीम कोरायचे, आणि हे सगळं उलटं करायचं, कारण छापताना सुलटं उमटायला हवं. त्यामुळे एकही नोट ठोकायच्या आधी कारागीर अख्ख्या पानाची मोजणी करायचा, कोणता बार कोणत्या ओळीत, कुठे किती जागा, आणि पान कुठे उलटेल. त्यांच्या हातात काही गोष्टी बसलेल्या होत्या. मिनिम नावाची नोट क्रॉचेट नावाच्या नोटेच्या दुप्पट लांब असते, पण तिला जागा दुप्पट द्यायची नाही, अंदाजे दीडपट द्यायची, नाहीतर पानात भोकं पडल्यागत वाटतं. वर दांडी असलेल्या नोटेनंतर खाली दांडीवाली नोट आली की दोन्ही दांड्या जवळजवळ येतात आणि नोटा खेटून बसल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांना केसभर लांब सरकवायचं, आणि उलट क्रम असेल तर केसभर जवळ आणायचं. अंतर मोजून समान ठेवलं तर डोळ्याला असमान दिसतं, म्हणून मोजून असमान ठेवायचं. मला हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण जुन्या पुस्तकांतून वाजवताना हात आपोआप का चालतात आणि काही नव्या प्रिंटवर का अडखळतात त्याचं कारण पहिल्यांदा हाताशी आलं.

लिलीपॉन्ड नावाचं सॉफ्टवेअर याच वेडातून आलं. १९९६ मध्ये हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच तरुणांनी सुरू केलं, कॉम्प्युटरनं छापलेली पानं निर्जीव का वाटतात हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांनी बाखच्या चेलो स्वीटच्या बेरेनरायटर या प्रकाशकाच्या १९५० सालच्या हातानं कोरलेल्या आवृत्तीशी नव्या कॉम्प्युटर आवृत्तीची तुलना करून फरक कुठे कुठे आहेत ते मांडलं. सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्यातून काहीही हात न लावता निघालेलं पान अतिशय देखणं असतं. फक्त त्यात माऊसनं नोटा टाकायच्या नसतात, सगळं टाइप करायचं, स्वराचं अक्षर आणि पुढे लांबीचा आकडा, ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे तिच्या निम्मी क्वेव्हर, मग प्रोग्राम ते वाचून पीडीएफ काढतो. सोबत फ्रेस्कोबाल्डी नावाचा एडिटर घेतला तर एका बाजूला लिहिलेलं आणि दुसऱ्या बाजूला पान असं दिसतं. माझा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, तो याच्यावर इतका खूश आहे की दुसरं काही बघायला तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे, ज्याला कोड लिहायची सवय आहे त्यानं बिनधास्त हेच घ्यावं. पण हार्मोनियम शिकवणाऱ्या ताईंना मी हे सुचवत नाही. एक कंस राहिला की पान निघत नाही, आणि त्यांचा वेळ संगीतात जायला हवा.

बाकी मंडळींची ओळख थोडक्यात. सिबेलियस हे बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये एकॉर्न कॉम्प्युटरसाठी काढलं, २००६ मध्ये ॲव्हिड कंपनीनं विकत घेतलं, आणि २०१२ मध्ये लंडनचं ऑफिस बंद झालं. तिथल्या टीमला हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गनं घेतलं आणि त्यांनी कोऱ्या पाटीवर नवीन सॉफ्टवेअर लिहिलं, ते डोरिको, २०१६ मध्ये आलं, सोळाव्या शतकात रोममध्ये संगीत छापणाऱ्या व्हालेरिओ डोरिकोचं नाव दिलेलं. म्यूझस्कोर हे वेर्नर श्वेअर या जर्मन प्रोग्रामरनं २००२ मध्ये सुरू केलं, पूर्ण फुकट आणि मुक्त, आता त्याचं नाव म्यूझस्कोर स्टुडिओ. त्याची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिच्यात नोटांमधल्या अंतराचं गणित इतकं सुधारलंय की आधीचं म्यूझस्कोर बघून ज्यांनी नाक मुरडलं असेल त्यांनी परत बघावं. त्यातला नोटांचा फॉन्ट लेलंड, तो स्टॅनफर्डच्या लेलंड स्मिथ यांच्या नावावर आहे, त्यांचं स्कोअर नावाचं जुनं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर नोटेशनची पानं मांडण्याच्या सुरुवातीच्या काळात सगळ्यात मानाचं होतं. एक गोष्ट पालकांना मी नेहमी सांगते, म्यूझस्कोरच्या नावाची साइट पण आहे, तिथे लोकांनी टाकलेली पानं डाउनलोड करायला वर्गणी मागतात, ते वेगळं. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत.

निवडायचं कसं, तर सोयींच्या याद्या वाचून नाही. आठ बारचा एक तुकडा घ्या, पण सोपा नको. त्यात उजव्या हातात दोन सूर एकाच वेळी वेगळे चालणारे हवेत, एक नोट डाव्या हातातून उजव्यात जाणारी हवी, एक धावती सेमीक्वेव्हरची, म्हणजे क्वेव्हरच्याही निम्म्या नोटांची, लड हवी, पेडलची खूण हवी, आणि खाली किंवा वर एक ओळ मराठी शब्द. हाच तुकडा दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये टाका, स्टाफची उंची सगळीकडे सारखी ठेवा, हातानं काही सरकवू नका, छापा, आणि ज्यानं तो तुकडा ऐकलेला नाही अशा कुणाला तरी वाजवायला द्या. तुम्ही स्वतः वाजवून उपयोग नाही, तुम्हाला काय लिहिलंय ते पाठ असतं.

दोन सूर एकाच वेळी, हे पियानोचं खरं दुखणं आहे, म्हणून इथे जरा थांबते. समजा करंगळी वर चाल धरून आहे, लांब लांब मिनिम, आणि त्याच हाताचा अंगठा खाली क्वेव्हर वाजवतोय. हे एकाच व्हॉइसमध्ये, म्हणजे एकाच सुराची ओळ धरून, लिहायला गेलं की सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येक क्वेव्हरवर वरची नोट पुन्हा लिहितं आणि टायनं, म्हणजे दोन सारख्या नोटा एक करणाऱ्या कमानीनं, जोडत सुटतं, पान कमानींनी भरतं, आणि वाजवणाऱ्याला चाल दिसतच नाही. योग्य रीत म्हणजे दोन व्हॉइस करायच्या, वरच्या व्हॉइसच्या सगळ्या दांड्या वर, खालच्या व्हॉइसच्या सगळ्या खाली. मग डोळ्याला चाल वेगळी दिसते, साथ वेगळी दिसते. म्यूझस्कोरमध्ये एका स्टाफला चार व्हॉइस मिळतात आणि स्क्रीनवर निवडल्यावर प्रत्येकीचा रंग वेगळा, पहिली निळी, दुसरी हिरवी, हे शिकवायला फार बरं पडतं, मुलांना रंगावरून पटकन समजतं. डोरिकोत व्हॉइस लागतील तितक्या, आणि एक सूर संपला की उरलेल्या सुराच्या दांड्या आपणहून नेहमीच्या दिशेला वळतात. हा फरक छोटा वाटतो पण लांब तुकड्यात डोरिकोचं पान कमी हात लावून जास्त स्वच्छ निघतं, हे मला मान्य करावंच लागतं. त्याची फुकट छोटी आवृत्ती एकट्या पियानोला पुरते, पण मांडणी हातानं बारीक बदलायची मोकळीक तिच्यात कमी आहे, आणि पूर्ण आवृत्ती महाग आहे.

आणि दुसऱ्या व्हॉइसचे रेस्ट, म्हणजे थांबायच्या खुणा. दुसरी व्हॉइस अर्ध्या बारात सुरू झाली की आधीच्या अर्ध्या बाराचे रेस्ट स्टाफच्या खाली-वर लटकतात. ते ठेवायचे की लपवायचे? कोणी सांगेल नियमानं ठेवा. मी म्हणते, समोरच्याला बार मोजता येत असेल तर लपवा, म्यूझस्कोरमध्ये दुसऱ्या व्हॉइसचे रेस्ट सरळ डिलीट होतात. नवशिक्याला ठेवा, त्याला तिथे थांबायचंय हे दिसायला हवं. म्हणजे एकच गाणं, दोन माणसं, दोन पानं. सॉफ्टवेअरला हे कसं कळणार, आपल्या समोर कोण बसलंय ते आपल्यालाच माहीत.

मराठी गाणी पियानोसाठी लिहायला घेतली की वेगळेच प्रश्न येतात, आणि मला यातच सगळ्यात जास्त गोडी आहे. पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे गाणारा सा कोणत्या सुरावर धरतो त्याचा. आपले गाणारे सांगतात, माझी काळी एक, माझी पांढरी चार, माझी काळी पाच. पांढरी चार म्हणजे एफ, काही त्रास नाही, एक फ्लॅट. पण काळी एक म्हणजे सी शार्प, आणि सी शार्प मेजर लिहिलं तर सुरुवातीलाच सात शार्प, बघूनच मूल घाबरतं. तीच पट्टी डी फ्लॅट मेजर म्हणून लिहा, पाच फ्लॅट, वाजवायच्या पट्ट्या त्याच. काळी पाच पण तशीच, बी फ्लॅट म्हणून लिहायची, दोन फ्लॅट, ए शार्पच्या वाटेला कोणी जाऊ नये. सॉफ्टवेअरला ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदल, असं सांगितलं तर ते करून देतं, कोणत्या नावानं करायचं ते मात्र आपण सांगायचं. आणि साथ करायची नसेल, मुलाला एकट्यालाच वाजवायचं असेल तर सरळ सी, एफ नाहीतर जीमध्ये आणावं, गायकाची पट्टी जपायचं तिथे काही कारण नाही.

यमनमधली चाल सी वरून लिहिली की तीव्र म येतो, म्हणजे एफ शार्प. तो दरवेळी नोटेच्या आधी लिहायचा की सुरुवातीला एक शार्प लावून टाकायचा? सुरुवातीला लावला तर पान स्वच्छ होतं, पण परीक्षा देणारी मुलं एक शार्प बघितला की जी मेजर समजतात आणि जीवर येऊन संपवायला बघतात. मी मुलांसाठी दरवेळी लिहिते. ज्याला राग माहीत आहे त्याच्यासाठी सुरुवातीला लावते.

ताल. केरवा चार-चारात (४/४) बसतो, दादरा सहा-आठात (६/८), पण रूपक आला की सात मात्रा, तीन-दोन-दोन. इथे बीमचं काम असतं. क्वेव्हरच्या शेपट्या जोडणारी ती जाड पट्टी तीन-दोन-दोनच्या गटात तुटली पाहिजे, मग डोळ्यालाच रूपक दिसतो, मोजायला लागत नाही. सात सरसकट जोडले किंवा चार-तीन केले तर रूपक शिकलेला माणूससुद्धा अडखळतो. डोरिकोत तालाचा आकडा लिहितानाच तीन अधिक दोन अधिक दोन असं लिहिता येतं आणि मग लांब नोटासुद्धा त्याच गटांप्रमाणे तुटतात. म्यूझस्कोरमध्ये तालाच्या खुणेच्या प्रॉपर्टीत जाऊन गट बदलावे लागतात, एकदाच करायचं, मग सगळ्या गाण्यात लागू. लिलीपॉन्डमध्येही सांगता येतं.

कणस्वर, म्हणजे मुख्य सुराआधी हलकेच लागणारा सूर, छोट्या ग्रेस नोटनं लिहावा, तो पियानोवर चांगला बोलतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पियानोवर येतच नाही, पट्ट्या वेगवेगळ्या, सुरांच्या मधली जागाच नाही. तिथे घसरण्याची तिरकी रेघ काढली तर मूल खरंच नखानं पट्ट्यांवरून सर्रकन हात फिरवतं, आणि ते काही गाण्यात नसतं. मी फक्त स्लर, म्हणजे नोटा जोडून वाजवायची कमान, देते आणि तोंडानं गाऊन दाखवते. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराला खाली आडवी रेघ, तीव्र मला वर उभी रेघ, सप्तकाला टिंब, मींडेला कमान, आणि एवढ्यावर चाल उभी राहते, कारण ते पान गुरूसमोर बसलेल्यासाठी आहे, बाकीचं गुरू देतो. घरी एकट्यानं बसून दोन्ही हात जुळवणाऱ्यासाठी जे पान असतं त्यात जास्त लिहावं लागतं, आणि म्हणूनच ते गर्दीचं व्हायची भीती जास्त.

शब्द देवनागरीतच लिहा असा माझा आग्रह आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचताना मुलं दर शब्दाला थबकतात, आधीच दोन स्टाफ वाचायचे, वर हे कशाला. म्यूझस्कोरमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट येतात, लिलीपॉन्डमध्येही येतात. म्यूझस्कोरमध्ये नोट निवडून कंट्रोल-एल दाबायचं, एक अक्षर टाइप करून हायफन दिलं की पुढच्या नोटेवर, शब्द संपला की स्पेस. जोडाक्षर तोडायचं नाही, नक्षत्र लिहायचं तर न, क्ष, त्र असं. आणि शेवटचं व्यंजन गाण्यात कसं म्हटलंय ते ऐकून ठरवायचं, पाऊस हा शब्द चालीत दोन नोटांवर असेल तर पा आणि ऊस, तीन नोटांवर असेल तर पा, ऊ, स. ज्यांच्या, त्यांच्या असले रुंद शब्द नोटांना दूर ढकलतात आणि मग त्या एका बारमुळे अख्खी ओळ बिघडते. शब्दांचा फॉन्ट एक नंबरनं लहान करा, किंवा त्या ओळीत एक बार कमी घ्या.

गाणं वाजवून किंवा ऑडिओ टाकून आपोआप नोटेशन काढून देणाऱ्या गोष्टी आता पुष्कळ झाल्यात, आणि मुलं तसली पानं घेऊन येतात. माणूस कधीच घड्याळासारखं अचूक वाजवत नाही, नोट जराशी उशिरा पडते, जराशी लवकर सुटते, आणि प्रोग्राम ते सगळं इमानदारीनं लिहितो, मग साध्या क्रॉचेटच्या जागी डॉटवाली क्वेव्हर, तिला टायनं चिकटवलेला एक कण, आणि मागे चिमुकला रेस्ट. मिडल सीच्या वरचं सगळं उजव्या हाताला आणि खालचं सगळं डाव्याला, मग तो हात तिथे पोचो न पोचो. जी शार्पच्या जागी ए फ्लॅट. म्यूझस्कोरमध्ये नोट निवडून जे दाबलं की नाव बदलतं आणि कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबला की नोट खालच्या स्टाफवर उतरते, पण इतक्या ठिकाणी हे करावं लागतं की कान लावून पहिल्यापासून स्वतः लिहिलेलं लवकर होतं. मुलांना मी तेच करायला लावते. लिहिताना गाणं पाठ होतं.

छापायचं म्हटलं की आणखी एक घोळ असतो. घरी प्रिंटर नसतो, आपण पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा कागदात बसवून प्रिंट मारतो, फिट टू पेज. सॉफ्टवेअरमध्ये पान अमेरिकन लेटर साइजचं राहिलं असेल, २१६ बाय २७९ मिमी, आणि कागद ए४, २१० बाय २९७, तर सगळं आक्रसतं. आधी पान ए४ करा, मग दुकानात सांगा, दादा, ॲक्च्युअल साइज, शंभर टक्के. आणि ७० जीएसएमचा पातळ कागद नको, १०० चा मागा. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय कोणी बसू शकत नाही, आणि कूलरच्या वाऱ्यानं पातळ पान उडतं तरी नाहीतर त्याच्या दमट हवेनं मऊ पडून स्टँडवरून वाकतं. आमच्याकडे स्टँडला कपड्यांचे दोन चिमटे कायम लावलेले असतात.

पान उलटणं. दोन पानांचं गाणं समोरासमोर ठेवा, प्रश्नच नाही. तीन पानांचं असेल तर मागून टेप लावून तिन्ही जोडा. त्याहून मोठं असेल तर ओळी अशा तोडा की पानाच्या शेवटी एका हाताला रेस्ट असेल, म्यूझस्कोरमध्ये बारची रेघ निवडून एंटर म्हणजे नवीन ओळ, कंट्रोल-एंटर म्हणजे नवीन पान. त्यासाठी पानाच्या तळाला दोन ओळींची जागा रिकामी राहिली तरी राहू द्या. टॅबलेटवर वाचणाऱ्यांसाठी तेच पीडीएफ देऊ नका, ए४ पान दहा इंचाच्या स्क्रीनवर बसवलं की ७ मिमीचा स्टाफ साधारण ५ चा होतो. त्यांच्यासाठी पानाची साइजच छोटी करून वेगळं पीडीएफ काढा, ओळीत दोन-तीन बार आले तरी चालेल, पान टचनं उलटतं.

शेवटची गोष्ट फायलींची. फिनाले हे या क्षेत्रातलं फार जुनं नाव, १९८८ पासूनचं, जगभरच्या कित्येक संगीतकारांचं आयुष्यभराचं काम त्यात आहे, आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कंपनीनं जाहीर केलं की आता पुढे विकास नाही, विक्री नाही. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं एकाच प्रकारच्या फायली साठवल्या त्यांना काय वाटलं असेल याचा विचार केला तरी पोटात खड्डा पडतो. म्हणून मी जे काही लिहिते त्याच्या तीन प्रती ठेवते. सॉफ्टवेअरची स्वतःची फाईल, पीडीएफ, आणि म्युझिकएक्सएमएल. हे तिसरं मायकेल गुड यांनी तयार केलेलं, २००४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली, आणि जवळपास सगळी सॉफ्टवेअर ते वाचतात-लिहितात, त्यामुळे म्यूझस्कोरमध्ये लिहिलेलं उद्या डोरिकोत उघडता येतं, डोरिकोतलं परवा आणखी कशात. त्यातून नोटा येतात, व्हॉइस येतात, शब्द येतात, पण कोणतं फिंगरिंग कुठे सरकवलं, दोन स्टाफमध्ये किती जागा सोडली, यातलं थोडंफार निसटतं आणि नव्या ठिकाणी परत बसवावं लागतं. तेव्हा जुनं पीडीएफ बाजूला उघडून ठेवायचं आणि ओळ ओळ ताडून बघायची.